ग्रुप फोटोतली कडेची माणसं

फायनल इयरचा सेंडऑफ झाला की हॉस्टेलच्या भिंतीवर एक नवी फ्रेम लागते. ती कधीतरी जवळ जाऊन बघा. बऱ्याचदा एका टोकाला कुणाचा तरी नुसता खांदा दिसतो, दुसऱ्या टोकाला अर्धा चेहरा. आणि टोकाला उभं कोण असतं? मेसचे काका, वॉचमन मामा, नाहीतर शेवटच्या क्षणी धावत आलेला ज्युनियर. फोटो काढताना तर सगळे आत होते, मग गेले कुठे? मित्रांनो, याचं उत्तर शोधायला एम-थ्री लागत नाही, शाळेतलं गुणोत्तर पुरतं.

डीएसएलआरच्या फोटोची लांबी-रुंदी साधारणपणे ३:२ असते. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्मवर ३६×२४ मिमीची चौकट होती, तेच प्रमाण पुढे रूढ झालं. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३, म्हणजे जुन्या टीव्हीच्या पडद्याचं प्रमाण. फ्रेमवाला मात्र इंचात बोलतो: ४×६, ५×७, ८×१०, ८×१२. यातली ८×१० म्हणजे ५:४. भांडण इथेच सुरू होतं.

समजा, डीएसएलआरचा फोटो ६०००×४००० पिक्सेलचा आहे. तो ८×१० मध्ये काठोकाठ भरायचा तर ५०००×४००० एवढाच भाग लागतो. उरलेले १००० पिक्सेल, म्हणजे रुंदीचा सहावा हिस्सा, कापला जातो. दोन्ही बाजूंनी बारावा-बारावा हिस्सा! काठापर्यंत १२ जणांची रांग असेल तर डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक, दोघांची विकेट गेली.

मोबाइलचा ४:३ फोटो ४×६ वर छापला तर उलटं होतं. उंचीचा नववा हिस्सा जातो. उत्तनच्या किनाऱ्यावरच्या होड्यांचा फोटो असेल तर थोडं आकाश गेलं, काही बिघडलं नाही. पण ग्रुप फोटोत मागच्या रांगेचे केस नाहीतर पुढच्या रांगेचे पाय जातात.

यावर उपाय तीन. पहिला, फोटो ताणायचा. हा उपाय करूच नका, सगळे एकतर जाडे दिसतात नाहीतर लंबू. रिसाइझ करताना ‘मेन्टेन अ‍ॅस्पेक्ट रेशो’वरची टिक म्हणूनच काढायची नाही. दुसरा, कापायचा; पण कुठून कापायचं ते आपण ठरवायचं, मशीनने नाही. क्रॉपमध्ये आधी ५:४ प्रमाण पक्कं करा, मग चौकट सरकवून बघा. तिसरा, पूर्ण फोटो ठेवून भोवती पांढरी पट्टी सोडायची. ग्रुप फोटोला माझं मत यालाच.

तिसऱ्याचा हिशोब असा. ८×१० च्या कागदावर ३:२ चा फोटो ६×९ इंचांत बसवा. डावी-उजवीकडे अर्धा-अर्धा इंच, वर-खाली एक-एक इंच जागा राहते. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर फोटो २७००×१८०० आणि कॅनव्हास ३०००×२४००. जिम्पमध्ये आधी ‘स्केल इमेज’, मग ‘कॅनव्हास साइज’, फोटो मधोमध, मागे पांढरा रंग. झालं. मूळ फाइलवर मात्र सेव्ह करू नका, कॉपी करून काम करा.

पट्टीचा आणखी एक फायदा आहे. फ्रेमची आतली कड फोटोचा काठ थोडा झाकतेच, साधारण पाव इंच. हे मला भाईंदर स्टेशनजवळच्या एका फ्रेमवाल्या चाचांनी पट्टी लावून दाखवलं. पट्टी असली की झाकली जाते ती पट्टी, माणूस नाही.

आता पिक्सेलबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो १० इंचांवर छापला तर इंचाला १६० च पिक्सेल मिळतात आणि चेहरे मऊ दिसतात. सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवून हरवलेले बारकावे परत येत नाहीत. म्हणून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा सरळ पेनड्राइव्हवर घ्या. भिंतीवर लांबून बघायच्या फोटोला इंचाला २०० असले तरी चालतं.

स्टुडिओत गेलात की दोनच वाक्यं बोला: ‘पूर्ण फोटो पाहिजे, कापू नका’ आणि ‘छापायच्या आधी स्क्रीनवर दाखवा’. ३:२ च्या फोटोला काठोकाठ प्रिंट हवीच असेल तर ८×१० ऐवजी ८×१२ मागा, तिचं प्रमाण जुळतं.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय क्लिक करण्याआधीचा आहे. फोटोग्राफरला दोन पावलं मागे जायला सांगा आणि दोन्ही टोकांना एकेका माणसाची जागा मोकळी सोडा. कापायची वेळ आलीच तर मोकळी जागा कापली जाईल, मेसचे काका नाहीत.