आंधळी चाल

रात्रीचा दीड वाजलाय. कोकणातल्या आमच्या घरात गौरीचं जागरण चालू आहे. पलीकडच्या वाडीतली जाखडी थांबली, आता पन्हळीतून पडणारं पाणी तेवढं ऐकू येतं. समई विझू द्यायची नाही म्हणून माजघरात सतरंजीवर सहाजण तीन पत्ती मांडून बसलोय. देवापुढं पैसे नकोत, म्हणून डाव चिंचोक्यांवर.

आत्या पत्ते पिसते, ताई कापते. प्रत्येकाचा एकेक चिंचोका मधे पडतो आणि एकेक करत तीन पानं पुढ्यात येतात.

"ब्लाइंड," म्हणत आत्या पानांना हात न लावता एक चिंचोका सरकवते. ब्लाइंड खेळणाऱ्याला एक पडला, की पानं पाहिलेल्याला दोन. पाहण्याची किंमत दुप्पट. दादा, वहिनी, ताई पानं उचलतात आणि तोंड वाकडं करत पॅक होतात. नवल नाही, तीन पानांचे 22,100 हात होतात, त्यातल्या 16,440 हातांत साधी जोडीही नसते.

भाचा पानं बघून दोन टाकतो. मीही बघतो. बदामाची सत्ती, इस्पिकची अठ्ठी, किलवरची नव्वी. दोन टाकून मी त्याच्याकडं साइड शो मागतो. तो एकट्या मला पानं दाखवतो: तिन्ही चौकट. मी माझी दाखवतो.

"मामा, माझा कलर आहे! पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर!"

"तिथं पानं पाच. इथं तिनात सिक्वेन्स लागतो 720 वेळा, कलर 1,096 वेळा. दुर्मीळ ते मोठं."

"मग ट्रेल 52 वेळा आणि प्युअर सिक्वेन्स 48 वेळाच. तरी ट्रेल मोठी कशी?"

याला माझ्याकडं उत्तर नाही. तो पॅक होतो. पण माझ्या हातात काय आहे, ते या भांडणात सगळ्या माजघराला कळलंय.

आत्या दोन टाकते. मला चार. ती चार टाकते. मला आठ. तिची पानं अजून पालथीच आहेत. माझ्या सिक्वेन्सवर चढेल असा हात शंभरात जेमतेम दोनदा येतो, हे मी मनात मोजून ठेवलंय. ती शांतपणे आठ टाकते. आता मला सोळा हवेत.

"आत्या, शो."

"बघणाऱ्यानं ब्लाइंडकडं शो मागायचा नसतो रे."

माझ्यापुढं अकरा उरलेत. मी ताईकडं बघतो.

"उधारी नाही," आत्या म्हणते.

तेव्हा लक्षात येतं, ती पानांकडं बघत नव्हती. मघापासून माझ्या ढिगाकडं बघत होती.

मी पानं टाकतो. मधले सदतीस चिंचोके ती पदरात ओढते.

"आत्या, आता तरी बघ तुझी पानं!"

"कशाला? डाव संपला की."

तिन्ही पानं तशीच पालथी गठ्ठ्यात मिसळून ती उठते आणि समईत तेल घालायला जाते.