बाळाची शिदोरी आणि विमानाचा प्रवास

शिदोरी हा शब्द आपल्या घरांतून अजून गेलेला नाही. कापडाच्या खरेदीसाठी सुरतेला निघालेला व्यापारी असो की सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघालेले अवघे कुटुंब असो, खाखरे, दशम्या, कोरडा चिवडा आणि उकळून गार केलेले पाणी बरोबर घेतल्यावाचून आपल्याकडे कोणी उंबरा ओलांडत नाही. प्रवासात नियम सांभाळायचा तर अन्न घरचे हवे, एवढा साधा विचार त्यामागे असतो.

आता प्रवासाचे स्वरूप पालटले आहे. कोणी हिऱ्यांच्या व्यवहारासाठी अँटवर्पला जातो, कोणाची लेक न्यूजर्सीला नांदते, कोणाचे बंधू दुबईत दुकान चालवतात. नातवंडांना घेऊन आजी-आजोबांकडे येणे आणि परत जाणे तर दर सुट्टीत चालूच असते. या प्रवासात मोठ्या माणसांची सोय सहज लागते. खरी परीक्षा असते ती आठ-दहा महिन्यांच्या बाळाची. त्याला भूक आवरता येत नाही, समजूत घालता येत नाही, आणि चुकीचे अन्न पोटात गेले तर त्याचा त्रास त्यालाच भोगावा लागतो.

दोन जेवणांच्या मधली उणीव

विमान कंपन्यांकडे विशेष जेवणांसाठी चार अक्षरी संकेत असतात. ‘व्हीजेएमएल’ म्हणजे कंदमूळविरहित जैन शाकाहारी जेवण आणि ‘बीबीएमएल’ म्हणजे तान्ह्या मुलाचे अन्न. उड्डाणाच्या किमान एक-दोन दिवस आधी हे संकेत तिकिटावर नोंदवावे लागतात. अनेक कुटुंबे दोन्ही नोंदवतात आणि निश्चिंत होतात. पण या दोहोंच्या मध्ये एक उणीव राहून जाते, ती विमानात बसल्यावर लक्षात येते.

जैन जेवण प्रौढांसाठी केलेले असते. त्यात मीठ, तिखट, मसाले असतात. वर्षाच्या आतील बाळाला ते देता येत नाही. बाळाचे जेवण म्हणजे बहुधा कारखान्यात भरलेल्या लहान बाटल्या. त्यांत फळांचा गर असला तर ठीक. पण भाजीच्या बाटलीत गाजर, बटाटा, रताळे हेच पदार्थ वारंवार आढळतात, आणि काहींत तर मांसही असते. जैन बाळासाठी निराळा संकेत नाही. म्हणून ज्या घरात कंदमूळ वर्ज्य आहे त्या घरच्या बाळाचे अन्न घरूनच न्यावे लागते. बीबीएमएल मिळाल्यास फळांची बाटली उपयोगी पडेल, एवढीच अपेक्षा ठेवावी.

तपासणीच्या रांगेत

ऑगस्ट २००६ मध्ये द्रवरूप स्फोटके विमानात नेण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीस आला. त्यानंतरचे काही दिवस तेथे बाळाचे दूधसुद्धा सोबतच्या प्रवाशाने चाखून दाखवावे लागत असे. त्याच वर्षाच्या अखेरीस हातातील सामानातील प्रत्येक द्रवासाठी १०० मिलिलिटरची मर्यादा युरोपात लागू झाली आणि पुढे जगभर रूढ झाली. आपल्या येथूनही आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघताना हाच दंडक आहे. मात्र बाळाचे दूध, बाळाचे अन्न आणि औषधे यांना तो लागू नाही. प्रवासाला पुरेल इतके अन्न १०० मिलिलिटरपेक्षा अधिक असले तरी नेता येते. देशांतर्गत विमानप्रवासात तर बाळाच्या अन्नाला सहसा अडचण येत नाही.

सवलत आहे म्हणजे तपासणी नाही असे नव्हे. बाळाच्या सर्व वस्तू एका वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, रांगेत पोहोचताच ती बाहेर काढावी आणि कर्मचाऱ्याला आपण होऊन सांगावे. डबा उघडून दाखवण्यास सांगितले तर शांतपणे दाखवावा. वाटेत विमान बदलायचे असेल तर तेथे पुन्हा तपासणी होते, हेही ध्यानात असू द्यावे.

देशादेशांत थोडा फरक आहे. ब्रिटनमध्ये आईचे काढून ठेवलेले दूध २ लिटरपर्यंतच्या बाटलीत नेता येते, पण गोठवलेले दूध हातातील सामानात चालत नाही. अमेरिकेत गोठवलेले दूध आणि ते गार ठेवणाऱ्या बर्फाच्या पिशव्या दोन्ही चालतात. बाळ सोबत नसले तरी आईला आपले दूध नेता येते. तपासणी कर्मचाऱ्यांना याविषयी प्रशिक्षण मिळावे म्हणून तेथे २०१६ मध्ये कायदाच करण्यात आला. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातील पुडीची अधिक तपासणी होते. बाळाच्या दुधाची पावडर त्यातून वगळली आहे. घरी दळलेल्या पिठाला मात्र ती सूट गृहीत धरू नये. पीठ लहान पुड्यांत बांधावे आणि जास्तीचे मोठ्या सामानात द्यावे.

कोरडे न्यावे, वेळेवर कालवावे

घरची मऊ खिचडी डब्यात भरून न्यावी, असे प्रत्येक आजीला वाटते. दोन तासांच्या मुंबई-दिल्ली प्रवासात ती चालेलही. परंतु लंडनच्या नऊ-दहा तासांच्या किंवा न्यूजर्सीच्या पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात शिजवलेले, ओलसर अन्न बाळासाठी धोक्याचे आहे. ते कोमट अवस्थेत तासन् तास राहिले की त्यात जंतू वाढू लागतात. ओला पदार्थ शिळा करू नये, हा आपल्या स्वयंपाकघराचा जुना नियम येथे आरोग्यशास्त्राशी तंतोतंत जुळतो. शिदोरी कोरडी असावी आणि खाण्याच्या वेळी गरम पाण्यात कालवावी, हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय.

येथे एक भेद जाणून घ्यावा. प्रत्येक कोरडे पीठ नुसत्या गरम पाण्यात कालवून चालत नाही. नाचणीचे सत्त्व आणि तांदूळ-मूगडाळ भाजून केलेली खिचडीची पूड चुलीवर शिजवावीच लागते. विमानात ते शक्य नसते आणि कच्चे राहिलेले पीठ बाळाला पचत नाही. उलट लाह्या अगोदरच उष्णतेने फुललेल्या असतात. म्हणून साळीच्या लाह्यांचे किंवा राजगिऱ्याच्या लाह्यांचे पीठ, तसेच भाजलेल्या पोह्यांची बारीक पूड हे पदार्थ गरम पाण्यात पाच मिनिटांत मऊ होतात. गोडीसाठी पिकलेले केळे कुस्करावे किंवा खारकेची पूड घालावी. वर्षाच्या आत साखर-मीठ टाळावे. मध तर आपल्याकडे वर्ज्यच; वैद्यकशास्त्रही वर्षाखालील बाळाला तो देऊ नये असे सांगते, कारण त्यातील जीवाणूंच्या बीजांमुळे गंभीर आजार संभवतो.

दळलेल्या पिठाला कालमर्यादा आहे. थंडीत ती अधिक, उन्हाळ्यात कमी आणि पावसाळ्यात सर्वांत कमी. ज्या घरांत ही मर्यादा पाळली जाते तेथे पीठ प्रवासाच्या आदल्या दिवशी दळावे आणि परदेशात पोहोचल्यावर ताजे करण्याची सोय लावावी. कोणताही पदार्थ विमानात प्रथमच देऊ नये. बाळाने तो घरी निदान चार-पाच वेळा खाल्लेला आणि पचवलेला असावा.

दूध आणि पाणी

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधावाचून दुसरे काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या वयाच्या बाळाचा प्रवास या दृष्टीने सर्वांत सोपा. काढून ठेवलेले आईचे दूध खोलीच्या साधारण तापमानात ४ तास आणि गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्यांसह उष्णतारोधक पिशवीत २४ तासांपर्यंत टिकते.

वरचे दूध घेणाऱ्या बाळासाठी पावडर मोजून, एका वेळेला एक, अशा कोरड्या डब्यांत भरावी. ही पावडर निर्जंतुक नसते. म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिसळावी व नंतर बाटली गार करावी. तयार दूध दोन तासांत न संपल्यास टाकून द्यावे. पैशाचा किंवा अन्नाचा अपव्यय होतो म्हणून उरलेले पुढच्या वेळेस देण्याचा मोह आवरावा. भारतीय डब्यावर हिरव्या ठिपक्याची खूण पाहावी. परदेशी डब्यांतील काहींत माशाचे तेल असते, तेव्हा घटकांची यादी वाचावी. परदेशी गेल्यावर डबा बदलणे टाळता यावे म्हणून बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेली पावडरच पुरेशी बरोबर न्यावी.

उकळलेल्या पाण्याची आपली सवय येथे फार उपयोगी पडते. चांगल्या थर्मासमध्ये उकळते पाणी घेतले तर काही तास ते पुरेसे गरम राहते. नंतर कर्मचाऱ्यांकडून गरम पाणी मागून घ्यावे. विमानाच्या आतील हवेचा दाब उंच डोंगरावरच्या इतका विरळ असल्याने तेथे पाणी सुमारे ९२ अंशांनाच उकळते. बाळाच्या दुधासाठी ते पुरेसे आहे. गरम पाण्याचा पेला बाळाच्या अंगावरून कधीही घेऊ नये. दूध कालवताना बाळ दुसऱ्याच्या मांडीवर असावे, आणि भरवण्याआधी एक थेंब मनगटावर टाकून पाहावा.

याच विरळ दाबामुळे घट्ट बंद केलेले डबे आणि फळांच्या गराच्या पुड्या फुगतात. त्या उभ्या धरून हळूच उघडाव्यात, नाहीतर गर कपड्यांवर उडतो. उतरताना बाळाचे कान दुखतात आणि ते रडू लागते. उतरण्यास साधारण अर्धा तास आधी सुरुवात होते. एक आहार त्या वेळेसाठी राखून ठेवावा. चोखण्याने आणि गिळण्याने कानांवरील ताण कमी होतो.

बाळाच्या शिदोरीत गुंतून आईची शिदोरी विसरू नये. विमानातील हवा अत्यंत कोरडी असते आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पाण्याची गरज अधिक लागते. ती चौविहार करीत असेल तर पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि पूर्वेकडे जाताना रात्र लवकर होते, याचा विचार घरातील ज्येष्ठांशी आणि डॉक्टरांशी बोलून निघण्यापूर्वीच करावा.

उतरल्यानंतरचा दुसरा दरवाजा

विमानात चाललेली वस्तू विमानतळाबाहेर नेता येईलच असे नाही. याविषयी आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, आणि बहुतेक तक्रारी येथेच उद्भवतात.

युरोपीय संघाच्या देशांत व ब्रिटनमध्ये भारतातून दूध व दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. घरचे तूप, पेढे, खवा हे सारे त्यात आले. बाळाच्या दुधाची पावडर आणि बाळाचे तयार अन्न यांना माणशी २ किलोपर्यंत सूट आहे. मात्र ते प्रसिद्ध उत्पादकाचे, बंद वेष्टनातील आणि उघडेपर्यंत शीतकपाटाची गरज नसलेले असावे. चालू वापरातील एक उघडा डबा चालतो. तेव्हा घरच्या पिठात दुधाची पावडर मिसळू नये आणि बाळाचे तूप विमानातच संपेल एवढेच घ्यावे.

अमेरिकेत भारतातून तांदूळ नेण्यास बंदी आहे, कारण धान्य पोखरणारा खापरा नावाचा किडा त्यातून पसरतो. नातवाच्या खिचडीसाठी आंबेमोहोर नेणाऱ्या आजीने हे आवर्जून लक्षात ठेवावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या बाबतीत सर्वांत कडक आहेत. तेथे प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशपत्रकावर नोंदवावा लागतो. न्यूझीलंडमध्ये पिशवीत विसरलेल्या एका केळ्यासाठीही जागच्या जागी ४०० डॉलर दंड होऊ शकतो. नोंद केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते. लपवलेली किंवा विसरलेली वस्तू महागात पडते. ताजी फळे कोणत्याही देशात उतरण्यापूर्वी संपवावीत, हे उत्तम.

शिलकीचा हिशेब

व्यापारी माणसाला शिलकीचे महत्त्व सांगावे लागत नाही. घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचे तास मोजावेत; केवळ उड्डाणाचे नव्हेत. ते २४ भरले आणि बाळ दर तीन तासांनी खात असेल, तर ८ वेळांचे अन्न लागेल. विलंब किंवा चुकलेले जोडविमान लक्षात घेऊन आणखी ३ वेळांचे जवळ ठेवावे. ही ११ वेळांची शिदोरी हातातील पिशवीत असावी, कारण मोठे सामान कधी कधी मागे राहते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एवढे पाहून घ्यावे:

• एकेका वेळेच्या कोरड्या पुड्या, त्यांवर पदार्थाचे नाव व दळल्याची तारीख
• मोजून भरलेली दुधाची पावडर आणि कंपनीचा एक न उघडलेला डबा
• थर्मास, दोन चमचे, झाकणाची लहान वाटी, दोन लाळेरी
• विमानात खाण्यासाठी दोन केळी
• बाळाच्या औषधांसह डॉक्टरांची चिठ्ठी
• विमान कंपनीच्या आणि जेथे उतरायचे त्या देशाच्या नियमांची त्याच आठवड्यात पाहिलेली नोंद

नियम बदलत राहतात, म्हणून शेवटची ओळ विसरू नये. एवढी तयारी असली म्हणजे तीस हजार फुटांवरही बाळाला वेळेवर, ताजे आणि आपल्या घरचेच अन्न मिळते. तृप्त बाळ झोपी जाते, आईला डोळा लागतो, आणि शेजारचे प्रवासीही मनोमन दुवा देतात.