चावीच्या ग्रामोफोनची दुरुस्ती

श्रोतेहो, आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर किंवा कोठीच्या खोलीत चावीचा जुना ग्रामोफोन धूळ खात पडला असेल. तो पुन्हा बोलता करता येईल काय, आणि त्याचे भाग आज कोठे मिळतात, या प्रश्नांचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. पालमसारख्या गावी मुलांना शिकविण्यात माझे आयुष्य गेले. परंतु एका ग्रामोफोनशी माझा निकटचा संबंध आला, आणि एक अपराधही माझ्या हातून घडला.

आमच्या आजोबांनी हैदराबादेहून पेटीचा ग्रामोफोन आणला होता. रात्री जेवणे उरकली की ओसरीवर पेटी उघडावयाची, चावी द्यावयाची, आणि बालगंधर्वांची तबकडी लावावयाची, असा त्यांचा नेम असे. मी दहा वर्षांचा असताना सुयांची डबी संपली. मी जुनीच सुई उंबऱ्याच्या दगडावर घासून टोकदार केली आणि तीच तबकडी दिवसभर लावीत राहिलो. सायंकाळी पाहतो तो तिच्या काळ्याभोर रेघा राखाडी पडल्या होत्या, आणि गळ्यातील ती सुप्रसिद्ध हरकत खरखरीत बुडून गेली होती. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी तबकडी कागदी पिशवीत घातली आणि पुन्हा कधी मागितली नाही.

असे का झाले, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. एडिसनने १८७७ साली ध्वनी साठविण्याचे यंत्र काढले, तेव्हा ध्वनी नळकांड्यावर उठविला जाई. सपाट तबकडी बर्लिनरने १८८७ साली आणली. १९०२ साली गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला व त्याने गौहरजान प्रभृतींचे गाणे मुद्रित केले. पुढे १९०८ साली कलकत्त्यासच तबकड्यांचा कारखाना निघाला. या तबकड्या लाखेच्या होत, आणि लाख आपल्याच देशाची. परंतु त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. हेतू असा, की पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच घासून रेघेच्या आकाराची व्हावी. म्हणजे झिजावयाचे ते सुईने. एक बाजू संपेतो सुईच्या टोकास धार येते. तीच सुई दुसऱ्या बाजूस लावली, की ती पटाशीप्रमाणे रेघ तासू लागते. त्यात साउंडबॉक्सचा दहा-बारा तोळ्यांचा भार तिच्यावर असतो. म्हणूनच एका बाजूस एक नवी सुई, हा नियम होता. त्यात कंपनीचा व्यापारी लोभ असावा, असे आम्ही समजत होतो. ती आमची चूक होती.

आता यंत्राकडे वळू. त्याचे मुख्य भाग तीन : कमान, गतिनियामक आणि साउंडबॉक्स.

कमान म्हणजे लोखंडी डबीत गुंडाळलेली पोलादाची लांबलचक पट्टी. गाणे चालू असता मधूनच 'धप्' असा आवाज येऊन तबकडी हिसका खात असेल, तर कमान मोडली असे समजू नये. बहुधा आतील जुने वंगण वाळून चिकट झालेले असते. कमान रॉकेलने धुऊन, पुसून, ग्राफाइट मिसळलेले नवे वंगण लावले की दोष जातो. मात्र येथे सावधगिरी हवी. कमान पूर्ण उतरल्याखेरीज गतिनियामकास हात लावू नये, नाही तर चाके सुसाट फिरून दाते झडतात. उतरलेली कमानही डबीतून उसळून बोटे कापते. हे काम जाड कातडी हातमोजे घालून जाणत्या माणसानेच करावे. कमान टोकाशी तुटली असेल, तर दोन बोटे भाग ज्योतीवर लाल करून आपोआप निवू द्यावा आणि तेथे नवे भोक पाडावे. मध्येच तुटली असेल, तर नवी घ्यावी लागते. त्यासाठी जुनीची लांबी, रुंदी व जाडी मोजून ठेवावी. जाड कमान अधिक बलवान, या समजुतीने ती बसवू नये.

गतिनियामकात तीन लहान वजने फिरतात व एका चकतीस नमद्याच्या तुकड्याकडे ओढतात. त्या घर्षणाने वेग बांधला जातो. तेथे शिलाई यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरे. वेग तपासण्यास यंत्र नको. तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवावा आणि गाणे चालू असताना, घड्याळ समोर ठेवून, अर्ध्या मिनिटात एकोणचाळीस फेऱ्या मोजाव्यात. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर हा बहुतेक तबकड्यांचा वेग होय.

साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा किंवा ॲल्युमिनियमचा पडदा दोन रबरी कड्यांमध्ये धरलेला असतो. रबर दगडासारखे झाले, की आवाज चिरका येतो. माझ्या यंत्रास मी सायकलच्या व्हॉल्वची मऊ रबरी नळी मापाने कापून बसविली. टोके एकमेकांस भिडली पाहिजेत, पण एकावर एक चढता कामा नयेत. पडदा अभ्रकाचा असेल, तर मधल्या सांध्यावर मेणाचा टिपूस टाकावा.

भाग मिळविण्याची गोष्ट निराळी. मी पेटी प्रथम एका शहरात दुरुस्तीस दिली होती. परत आली ती नव्या, चकचकीत साउंडबॉक्ससह. मूळचा कोठे गेला, याचे उत्तर मिळाले नाही. पुढे दोन वर्षे शोध केला. अखेर मुंबईस चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर, एका मोडक्या पेटीत तोच क्रमांक कोरलेला साउंडबॉक्स हाती लागला. त्याच गल्लीत पितळी कर्ण्याचे झळझळीत ग्रामोफोनही दिसतात. त्यांतील पुष्कळ पेटीच्या यंत्रावर नवा कर्णा व नवे लाकूड चढवून बनविलेले असतात. दिवाणखान्याची शोभा म्हणून ते घ्यावयाचे असल्यास माझी हरकत नाही, परंतु जपलेली तबकडी त्यांवर लावू नये. मोडकी का होईना, पण अस्सल पेटी हीच सुट्या भागांची खरी खाण होय. म्हणून निरुपयोगी वाटणारा जुना भागही चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. पोलादी सुया मात्र आजही नव्या तयार होतात, त्यामुळे जुनी सुई पुन्हा वापरण्यास आता सबब उरलेली नाही.

आमची पेटी आता उत्तम चालते. कमान बदलली, रबर बदलले, साउंडबॉक्स सापडला. आजोबांची ती तबकडी मात्र तशीच राखाडी आहे. झिजलेली रेघ भरून काढण्याची विद्या कोणत्याही कारागिरापाशी नाही. मुंबईस १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'सारख्या संस्थांतील संग्राहकांनी अशा मुद्रिका जपल्या, त्यांतील एका संग्राहकाकडे तेच पद मी पुन्हा संपूर्ण ऐकले. हरकत आली तेव्हा आजोबांची आठवण अनावर झाली.

तेव्हा आपल्या माळ्यावरील पेटी खाली काढाल, त्या दिवशी एवढे करावे : प्रथम सुयांची नवी डबी आणावी, आणि मगच तबकडीला हात लावावा.