वैमानिकाची खिडकी आणि नव्वद बोल्ट

विमानाचे पंख किती लांब, त्याचीं यंत्रें किती शक्तीचीं, असे प्रश्न विद्यार्थी नेहमीं विचारतात. पण विमान हांकणाऱ्यास बाहेरचें दिसतें कसें, हें विचारणारा क्वचितच भेटतो. वस्तुतः हा प्रश्न विमान बांधणाऱ्यांस पहिल्यापासून छळीत आला आहे. १९२७ सालीं लिंडबर्ग यानें एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला, तेव्हां त्याच्यापुढें पेट्रोलची मोठी टांकी असल्यामुळें समोर पाहावयास खिडकीच नव्हती. बाजूच्या खिडक्या आणि आरशांची एक नळी, एवढ्यावरच त्यानें काम भागविलें. कॉन्कॉर्ड विमानाचें नाक तर इतकें लांब कीं, उतरतेवेळीं तें साडेबारा अंश खालीं वांकवावें लागे, नाहीं तर धांवपट्टी त्याच्याआड जावयाची. तें विमान २००३ सालीं सेवेंतून निवृत्त झालें.

आजच्या प्रवासी विमानांत वैमानिकाचे डोळे नेमके कोठें असावेत हें अगोदर ठरवितात आणि मग त्या ठिकाणाच्या अनुरोधानें खिडक्या व उपकरणें मांडितात. कित्येक विमानांत पुढल्या दोन कांचांच्या मध्यें लहान गोळ्या बसविलेल्या असतात. त्यांपैकीं एक दुसरीच्या बरोबर आड जाईपर्यंत वैमानिक आपलें आसन वरखालीं करितो. आसन थोडेंही खालीं राहिलें, तर धांवपट्टीचा जवळचा भाग झांकला जातो, आणि दाट धुक्यांत तेवढाच भाग काय तो दिसण्याजोगा असतो.

ही कांच आपल्या घरच्या तावदानासारखी एकेरी नसते. कांचेचे आणि लवचिक पारदर्शक द्रव्याचे थर एकावर एक चिकटवून ती बनवितात, आणि त्यांत विद्युत्प्रवाह वाहून नेणारा एक अत्यंत पातळ लेप असतो. त्याच्या उबेनें बाहेर बर्फ धरत नाहीं व आंत दंव सांचत नाहीं. शिवाय मधला थर थंडीनें ठिसूळ न होतां पक्ष्याचा आघात सोसूं शकतो. तरीही केव्हां ना केव्हां ती तडकते, धूसर होते किंवा तिचे थर सुटूं लागतात. मग ती काढून दुसरी बसवावी लागते.

बसविण्यांत खरी मेख आहे. उंचावर बाहेरची हवा विरळ असते आणि आंतली दाट ठेवलेली असते. म्हणून आंतली हवा कांचेला सतत बाहेर ढकलते. चौरस इंचास चारच पौंड दाब धरला आणि कांच पांचशें चौरस इंचांची मानली, तरी भार दोन हजार पौंड होतो. खोलींत गर्दी लोटली असतां आंत उघडणारें दार अधिकच घट्ट बसतें; बाहेर उघडणाऱ्या दाराची मात्र सारी भिस्त कडीवर. कांच आंतून बसविली तर पहिला प्रकार, बाहेरून बसविली तर दुसरा. आणि तेथें कडी म्हणजे बोल्ट.

ता. १० जून १९९० रोजीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा शहरीं ब्रिटिश एअरवेजचें एक विमान निघालें. त्यांत ८१ उतारू व ६ कर्मचारी होते. कप्तानापुढील कांच सुमारें सत्तावीस तासांपूर्वींच बदललेली होती, आणि ती बाहेरून बसविण्याच्या जातीची होती. विमान डिडकॉट गांवाच्या आसमंतांत १७,३०० फुटांवर पोंचलें असतां ती कांच एकाएकीं उडून गेली. कप्तान लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. एका सेवकानें धांवत येऊन त्यास घट्ट धरिलें. तो थकल्यावर इतरांनीं धरिलें. कप्तान मेला असेच सर्वांस वाटत होतें, तरी त्यांनीं त्यास सोडिलें नाहीं. त्या भयंकर वाऱ्यांत सहवैमानिक ॲचिसन यानें विमान साउथॅम्प्टन येथें सुखरूप उतरविलें.

चौकशींत आढळलें तें असें. कांच धरून ठेवणाऱ्या नव्वद बोल्टांपैकीं ८४ बोल्ट योग्य मापापेक्षां व्यासानें ०.०२६ इंच बारीक होते. उरलेले सहा योग्य जाडीचे, पण ०.१ इंच आंखूड. रात्रपाळीच्या प्रमुखानें माणसें कमी म्हणून काम स्वतःच अंगावर घेतलें होतें. कांचेस कोणता बोल्ट लागतो हें कोठारावरील माणसानें त्यास सांगितलें होतें. तें मानण्याऐवजीं जुना काढलेला बोल्ट नमुन्यास घेऊन तो दुसऱ्या, मंद उजेडाच्या कोठींत गेला आणि तेथें नजरेनें व बोटांनीं जोड पाहून नवे निवडले. आपल्याकडे सायकलच्या दुकानांतही नट असाच निवडतात, आणि तेथें तें चालतें. मौज अशी कीं, नमुन्याचा तो जुना बोल्टसुद्धां नियमाहून आंखूडच होता; मात्र जाडी बरोबर असल्यानें त्या जातीच्या बोल्टांनीं कांच तोंवर धरून ठेविली होती. बारीक बोल्टांचीं डोकीं आपल्या खांचेंत नीट भरत नव्हतीं, परंतु तो ज्या मचाणावरून वांकून काम करीत होता तेथून तें सहज दिसण्यासारखें नव्हतें. आणि वाचण्याचा चष्मा त्यानें लावलेला नव्हता.

दुसऱ्या कोणीं काम तपासावें, असा नियम त्या कांचेपुरता नव्हता. मला या हकीकतींतील हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. थकलेल्या माणसाची पहांटेची नजर चुकणार हें गृहीत धरूनच दुसरी नजर नेमावयाची असते.

लँकेस्टर याच्या उजव्या हाताचें, मनगटाचें आणि डाव्या अंगठ्याचें हाड मोडलें होतें, व थंडीनें अंग बधिर झालें होतें. पांच महिन्यांच्या आंत तो पुनः वैमानिकाच्या आसनावर बसला.