पावलांचा बाजार आणि दहा ग्रॅमचा धागा

शासकीय रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत हे दृश्य नवे नाही. साठीचे एक गृहस्थ तळपायाची जखम दाखवायला येतात. ‘‘कधी लागलं, बाबा?’’ सिस्टर विचारतात. ‘‘लागलं नाही हो. घरात फरशीवर रक्ताचे डाग दिसले, तेव्हा बायकोनं सांगितलं.’’ सिस्टर त्यांची चप्पल उलटी करून पाहतात. तळातून खिळा वर आलेला असतो. दोन दिवस ते त्याच चपलेवर चाललेले असतात. दुखले नाही, म्हणून कळलेच नाही.

पाऊल आणि घोटा यांच्यासाठीच्या वैद्यकीय साधनांची बाजारपेठ सध्या झपाट्याने वाढते आहे. मोडलेला घोटा जोडणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रू, कृत्रिम घोट्याचे सांधे, पायाचा दाब मोजणारी यंत्रे, तापमान टिपणारे मोजे, सिलिकॉनच्या टाचा अशी यादी लांबत चालली आहे. दुचाकींचे अपघात, वाढते वय, वाढते वजन ही त्यामागची कारणे आहेतच. पण आपल्याकडे सर्वांत मोठे कारण मधुमेह. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांचे पाय वाचतात की जातात, हे मात्र महागड्या साधनांपेक्षा अगदी साध्या गोष्टींवर ठरते.

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. चालताना शरीराचा सारा भार त्यांच्यावर येतो. निरोगी माणूस एका जागी दाब वाढला की नकळत पाय थोडा वळवून टाकतो, खडा टोचला की थांबतो. वेदना ही पायाची राखणदार आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात आणि ही राखणदार झोपी जाते. मग चवड्याखाली एकाच जागी दाब येत राहतो, तिथे घट्टा धरतो, घट्ट्याखाली मांस फुटते आणि जखम होते. जंतू शिरले की ती हाडापर्यंत पोहोचते.

हे कोडे आधी सुटले ते मधुमेहात नव्हे, कुष्ठरोगात. आणि तेही भारतात. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. संवेदना गेल्यामुळे रोज नकळत होणाऱ्या इजांनी हात-पाय झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. जखमेला प्लास्टर, तळव्याला मऊ चप्पल आणि रोज पाय पाहण्याची सवय, हा त्यांच्या उपचाराचा गाभा होता. १९६६ मध्ये ते अमेरिकेतील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरले जाऊ लागले.

या उपचारातले पहिले साधन म्हणजे मोनोफिलामेंट, नायलॉनचा एक धागा. तो त्वचेवर टेकवून दाबला की १० ग्रॅमचा जोर होताच वाकतो. रुग्णाने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचे. काही मिनिटांची ही तपासणी; वीज नको, यंत्र नको. धाग्याचा स्पर्श कळत नसेल, तर त्या पायाची संरक्षक संवेदना गेली असे समजावे. प्रत्येक मधुमेहीची ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. प्रत्यक्षात साखरेचा कागद दरवेळी पाहिला जातो, पायातले मोजे मात्र क्वचितच उतरवले जातात.

दुसरे साधन प्लास्टर. तळव्यावर जखम असेल, तर मलमपट्टीइतकेच महत्त्वाचे म्हणजे जखमेवरचा भार काढणे. गुडघ्याखालपर्यंतचे, पायाला घट्ट बसणारे प्लास्टर भार साऱ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देते. काढता येणारे बूट बाजारात आहेत आणि सोयीचेही आहेत. पण अडचण त्या सोयीतच आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांनी असा बूट दिवसभराच्या हालचालींपैकी केवळ २८ टक्के वेळा वापरल्याचे आढळले. पाय दुखत नाही, मग घरातल्या घरात बूट कशाला, असे प्रत्येकालाच वाटते. म्हणून जखम भरेपर्यंत रुग्णाला काढता न येणाऱ्या साधनालाच तज्ज्ञ पहिली पसंती देतात. मात्र रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखमेत जास्त संसर्ग असेल तर असे प्लास्टर घालत नाहीत. ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायचे.

तिसरे साधन चप्पल. कुष्ठरोग कार्यक्रमात रुग्णांना दिली जाणारी ‘एमसीआर’ चप्पल सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची असते. आत मऊ, खाली टणक, मागे पट्टा आणि सगळे जोडकाम चिकटवून किंवा शिवून. खिळा एकही नाही. बधिर पायाला लागते ते हेच. याउलट ‘ऑर्थो’ असा शिक्का मारून विकली जाणारी प्रत्येक चप्पल त्यासाठी योग्य असतेच असे नाही. ॲक्युप्रेशरचे उंचवटे असलेली चप्पल तर अशा पायाला घातकच. कुरूप काढणाऱ्या पट्ट्यांमध्ये आम्ल असते. बधिर त्वचेला ते भाजते आणि कळतही नाही.

मग महागड्या साधनांचा उपयोग नाही का? जरूर आहे. सरकलेला, मोडलेला घोटा पट्टी-स्क्रूने नीट बसवला तर माणूस पुन्हा चालतो. संधिवाताने किंवा जुन्या मारामुळे झिजलेल्या घोट्यात निवडक रुग्णांना कृत्रिम सांधाही लाभतो. पण संवेदना गेलेल्या, हाडे ढासळू लागलेल्या मधुमेही पायात असा सांधा सहसा बसवत नाहीत. शिवाय गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, ती घोट्याच्या सांध्याला लागू नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी तीन प्रश्न विचारावेत : हेच साधन का, याला पर्याय काय आणि याची किंमत किती? साधनाचे नाव, आकार आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर कागदपत्रांत लावून घ्यावे. पुढे काही बिघडले तर तोच पुरावा.

मधुमेहींनी घरी करायचे काम थोडके आहे. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात; वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरच्यांना सांगावे. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवावा. पाणी गरम आहे का, हे पायाने नव्हे, कोपराने पाहावे. नवरात्रात किंवा वारीत अनवाणी चालण्याचा नेम असेल, तर पाय तपासून घेऊन डॉक्टरांशी बोलावे. उन्हात तापलेली देवळाची फरशी बधिर पायाला कळत नाही. पाऊल न दुखता लाल, गरम होऊन सुजले, तर त्यावर भार न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खिळा लागलेल्या त्या गृहस्थांसारख्या रुग्णांपैकी काहींची जखम प्लास्टरमध्ये भरते, काहींना बोट गमवावे लागते. दोघांत फरक असतो तो बहुतेक वेळा काही दिवसांच्या उशिराचा. पुढच्या वेळी साखर तपासायला जाल, तेव्हा मोजे स्वतःहून उतरवा आणि म्हणा, ‘‘डॉक्टर, पायही बघा.’’