विरोळा

विरोळा (शास्त्रीय नाव: फाउलिया पिस्केटर) हा भारतात गोड्या पाण्याच्या आश्रयाने राहणारा बिनविषारी साप आहे. मराठीत त्यास दिवड, पाणदिवड असेही म्हणतात. जर्मन प्रकृतिवैज्ञानिक योहान गॉटलोब श्नायडर यांनी १७९९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘पिस्केटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मासे धरणारा असा असून तो या सापास अगदी शोभतो. जुन्या ग्रंथांत हाच साप झेनोक्रोफिस पिस्केटर या नावाने आढळतो.

शरीर दणकट असून लांबी साधारणपणे ६० ते ९० सेंमी. असते, मादी नरापेक्षा मोठी असते. पिवळसर किंवा हिरवट तपकिरी पाठीवर काळ्या ठिपक्यांच्या रांगा असल्यामुळे अंग बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. पाठीवरील खवल्यांना मधोमध कणा असल्याने त्वचा खरखरीत लागते. डोळ्यापासून जबड्याकडे तिरप्या उतरणाऱ्या दोन काळ्या रेषा ही याची ठळक खूण होय.

तळी, विहिरी, ओढे व भातखाचरे येथे हा दिवसा व रात्रीही वावरतो. मासे आणि बेडूक हे मुख्य भक्ष्य. पिल्ले बेडूकमासे व पाणकिडे खातात. मादी एका वेळी अनेक डझन अंडी घालते आणि त्यांच्याजवळ थांबते.

विरोळा स्वभावाने तापट आहे. डिवचल्यास तो डोके उचलून मान चपटी करतो व झडप घालून चावतो. या पवित्र्यामुळे त्यास नाग समजून मारले जाते. बचावाची युक्तीच त्याच्या जिवावर उठते. निर्विष सापाची ही व्यथा जुनीच आहे. महाभारताच्या आदिपर्वात सर्पद्वेषाने पेटलेल्या रुरूस डुंडुभ नावाचा निर्विष साप, आपण केवळ रूपाने सर्पांसारखे आहोत, असे विनवतो.

याउलट, पाण्यातला साप म्हणजे बिनविषारीच, हा समजही धोक्याचा आहे. नागही उत्तम पोहतो आणि उंदीर-बेडकांच्या शोधात भातशेतीत येतो. विरोळ्याच्या दंशाने जखम होते, रक्त येते. परंतु प्रतिसर्पविषाची गरज नसते. मात्र साप निश्चित ओळखता आला नसेल, तर दंश विषारी मानून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या सापास संरक्षण आहे.