दिवस भरत आले की

नववा महिना लागला की फाइलमध्ये बहुधा तीन तारखा जमलेल्या असतात. एक पाळीवरून काढलेली, दुसरी पहिल्या सोनोग्राफीतली आणि तिसरी अलीकडच्या सोनोग्राफीतली. तिसरी पुढे गेलेली दिसली की बाळाची वाढ खुंटली की काय, अशी शंका घरात सुरू होते. अलीकडे आली की माहेरची माणसं धावपळीला लागतात. प्रत्यक्षात भरवशाची तारीख पहिल्या तीन महिन्यांतच ठरते. पाळी नियमित असेल आणि पहिल्या सोनोग्राफीशी तिचा मेळ बसत असेल तर पाळीवरून, नाहीतर त्या सोनोग्राफीवरून. नंतर बाळं आपापल्या अंगलटीने वाढतात, म्हणून पुढच्या रिपोर्टांतली तारीख मागेपुढे होते. तिने आधीची तारीख बदलायची नसते.

ही पक्की तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस. नेमकी त्याच दिवशी शंभरातली चार-पाच बाळंच जन्माला येतात. 37 आठवडे पूर्ण झाल्यापासून 42 पूर्ण होईपर्यंत कधीही कळा सुरू होऊ शकतात. 41 आठवडे उलटूनही काही हालचाल नसेल, तर मात्र डॉक्टर कळा आणण्याचं औषध सुचवतात, कारण त्यापुढे थांबण्यात बाळाला धोका वाढत जातो.

हे शेवटचे आठवडे फुकट जात नाहीत. 35व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन-तृतीयांश असतं. आजारांशी लढणारी आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे सर्वाधिक जातात ती याच काळात. त्वचेखाली चरबी साठते, फुप्फुसं श्वासासाठी तयार होतात. म्हणून सिझेरियनचा दिवस ठरवतानाही घाई नको. महाराष्ट्रात 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार साधारण चारांतलं एक बाळंतपण सिझेरियनने झालं. गरज असेल तेव्हा ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, त्यात कमीपणा कसलाच नाही. पण पंचांगात चांगला दिवस सापडला म्हणून, वैद्यकीय कारण नसताना 39 आठवड्यांच्या आत बाळाला बाहेर काढायचं, हे मला मुळीच पटत नाही. त्या मुहूर्तापायी एखाद्या बाळाला श्वासाच्या त्रासाने काचेच्या पेटीत ठेवावं लागतं.

पहिलटकरणीचं पोट कळांच्या दोन-चार आठवडे आधी खाली उतरतं. छाती मोकळी वाटते, श्वास सुखाने घेता येतो, पण लघवीला सारखं जावं लागतं आणि मांड्यांच्या सांध्यात कळ मारते. दुसरेपणी पोट पुष्कळदा कळा सुरू झाल्यावरच उतरतं, त्यामुळे त्याची वाट बघत बसू नये. झोप तुटक होते. झोपताना कुशीवर वळावं. डावी चांगलीच, उजवीही चालते. उताणं झोपणं टाळावं, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. जाग आल्यावर आपण उताण्या आहोत असं दिसलं, तर न घाबरता कूस बदलावी.

पावलांना थोडी सूज बहुतेकींना येते. चेहरा आणि हात अचानक सुजणं, थांबत नाही अशी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, बरगड्यांखाली दुखणं ही लक्षणं मात्र वाढलेल्या रक्तदाबाची असू शकतात. 140/90 किंवा त्याहून जास्त रक्तदाब या दिवसांत दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्यातून झटके येण्याआधी उपचार मिळाले, तर आई आणि बाळ दोघंही बहुधा वाचतात. म्हणून रात्री दोन वाजतासुद्धा निघावं.

बाळाच्या हालचालीबद्दल घरोघरी एक समज आहे. जागा कमी पडते, म्हणून शेवटी बाळ शांत होतं, असं वडीलधाऱ्या बायका धीर देण्यासाठी सांगतात. हे खरं नाही. लाथांऐवजी सरकणं, वळणं जाणवेल, पण हालचाल कमी व्हायला नको. नेहमीपेक्षा कमी वाटली तर गोड खाऊन, पाणी पिऊन सकाळपर्यंत थांबण्यापेक्षा त्याच वेळी ठोके तपासून घ्यावेत.

नवव्या महिन्यात पोट मधूनमधून दगडासारखं कडक होतं. चाललं, पाणी प्यायलं, आडवं झालं की ते सैल पडतं. या कच्च्या कळा. खऱ्या कळा कमरेतून निघून पोटाकडे येतात, काही केल्या थांबत नाहीत आणि त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. आधी चिकट, किंचित रक्ताळ स्राव जातो. तो दिसल्यावर कळांना काही तास लागतील किंवा दोन-चार दिवसही. पहिलटकरणीला पाच-पाच मिनिटांनी कळा येऊ लागल्या आणि तासभर तसंच चाललं, की निघावं. दुसरेपणी सगळं भराभर होतं, तेव्हा लवकर. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी थांबू नये. पाणी हिरवट दिसलं तर वेळ मुळीच दवडू नये, कारण बाळाने पोटातच शी केलेली असते. ताजं लाल रक्त जात असेल तेव्हाही तसंच. कळा याव्यात म्हणून घरच्या घरी एरंडेल घेऊ नये.

दवाखाना दोन तासांवर असेल तर ही सगळी गणितं अलीकडे आणावी लागतात. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत पावसाळ्यात ओढा भरला की वाटच बंद होते. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ माहेरघर असतं. तारीख जवळ आली की गर्भवतीने नातेवाइकासह तिथे येऊन राहायचं. ही सोय आणखी गावांना मिळायला हवी. 2011पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि घरापासूनचं वाहन मोफत आहे. 102 आणि 108 हे रुग्णवाहिकेचे नंबर नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आधीच हवेत. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या मुलीने माता बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि सगळे रिपोर्ट हाताशी ठेवावेत. माहेरच्या गावातल्या डॉक्टरांना निदान एकदा आधी दाखवून यावं. बाळंतविड्यातलं झबलं-टोपडं, मऊ दुपटी घरातलं कुणीही नंतर आणून देईल.

दवाखान्यात गेल्यावर पुष्कळदा 'अजून वेळ आहे, घरी जा' असं ऐकावं लागतं. त्याने खचू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018च्या मार्गदर्शनानुसार गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर कळांचा जोराचा टप्पा सुरू होतो. त्याआधीचा टप्पा पहिलटकरणीला खूप लांब वाटू शकतो. या वेळात चालावं, कूस बदलावी, पाणी प्यावं. आपल्या विश्वासातली एक बाई सोबत राहू द्या, असं आवर्जून सांगावं. त्याच मार्गदर्शनात प्रत्येकीला सोबत मिळावी असं म्हटलं आहे. आई, बहीण, जाऊ, जिच्या हाताने धीर येतो ती.

बाळ बाहेर आल्यावर नाळ निदान एक मिनिट थांबून कापली तर बाळाला लोह जास्त मिळतं. मग तासाभरात छातीशी घ्यावं. पहिला पिवळसर चीक पिळून टाकायचा नसतो, तो बाळाचाच. सिझेरियन झालेल्या आईलाही भूल उतरेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. पाठीत इंजेक्शन दिलं असेल तर मदतीने तिथेच पाजता येतं. मध, साखरपाणी, गुटी यांतलं काहीही बोटाने चाटवायचं नाही, हे तेव्हा बाळाजवळ असणाऱ्या आजीला आणि आत्याला घरूनच सांगून ठेवावं.